अप्पांचा हौदा

जुनी गाडी घ्यायला निघालेला माणूस बॉनेट उघडून बघतो, टायरला लाथ मारतो, सायलेन्सरमधून निघणाऱ्या धुराचा रंग बघून जाणकारासारखी मान हलवतो. आमचे मन्मथअप्पा यातलं काही करत नसत. ते पिकअपचा मागचा फाळका उघडायला लावत, चपला खाली काढून ठेवत, हौद्यात चढत आणि सरळ उताणे झोपत. डोळे मिटून, चांगली पाच-सात मिनिटं. गाडीचा मालक आधी हसायचा, मग माझ्याकडे बघायचा, मग जमलेल्या लोकांकडे बघायचा. तोवर चांगली दहा-बारा माणसं जमलेली असायची.

"मालक, इंजिन तरी बघा," उदगीरच्या मोंढ्यातला एक आडत्या काकुळतीला येऊन म्हणाला.

"इंजिन मिस्त्री बघंल," अप्पा डोळे न उघडता म्हणाले. "झोपायचं मला हाय."

झोपायची पद्धतही ठरलेली. हौदा कितीही ऐसपैस असो, अप्पा जायचे ते अगदी डाव्या कडेला, पत्र्याला खांदा टेकवून. मग उजवा हात पसरून शेजारच्या मोकळ्या जागेवर दोनदा थोपटायचे. मला वाटायचं, पत्रा कुठं सडलाय का ते तपासतायत. मी भौतिकशास्त्राचा मास्तर आहे, त्यामुळे मला सगळीकडे पत्रा, वजन आणि घर्षण एवढंच दिसतं.

मी मूळचा लोह्याचा. लातुरात क्लासेसचं पीक जोरात आलं तेव्हा मीही खडू घेऊन तिकडे गेलो आणि अप्पांच्या समोरच्या घरात भाड्यानं राहिलो. अप्पा बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून नुकतेच निवृत्त झाले होते. भूकंपानंतरची कैक वर्षं त्यांनी औशा-निलंग्याकडे घरं उभी करण्यात घालवलेली. त्यामुळे मजबुती हे त्यांचं वेड होतं. कुणी बसायला खुर्ची दिली की आधी ती हलवून बघत आणि मग "बिनघोर हाय" म्हणून बसत. मुलीचं स्थळ बघायला गेले तेव्हा मुलाशी दोन शब्द बोलले नाहीत, गच्चीवर जाऊन स्लॅब बघून आले आणि "बिनघोर हाय" म्हणून होकार कळवला. संसार चांगला चाललाय, हे मला कबूल केलं पाहिजे.

तेव्हा आमच्या गल्लीत माणसं कमी आणि बारावीची पोरं जास्त होती. नांदेड, परभणी, बीड, कुठून कुठून आलेली. ज्याला त्याला खोल्या भाड्यानं द्यायच्या होत्या. जिन्याखाली खोली, गच्चीवर खोली, स्कूटर ठेवायच्या जागेत खोली. आणि गल्लीचा एकच कायदा होता, आवाज करायचा नाही. लग्नाची वरात गल्लीच्या तोंडाशी आली की बँडवाले वाजवणं थांबवायचे, नवरदेव मुकाट्यानं घोड्यावरून पुढे जायचा आणि चौक ओलांडल्यावर मग पुन्हा नाच सुरू व्हायचा. घोडाही शिकल्यासारखा चालायचा.

अप्पांच्या घरी नऊ मुली राहायच्या आणि सुमनकाकू त्यांची मेस चालवायच्या. काकू बुटक्या, गोऱ्या, गुडघ्यांनी अधू आणि कामाला वाघ. माहेर उदगीरच्या पलीकडे, कर्नाटकाच्या हद्दीला लागून, म्हणून वैतागल्या की "येन माडूदू" म्हणायच्या, म्हणजे काय करायचं आता. नाष्टा, डबा, संध्याकाळचं ताट, मध्ये कुणाला ताप, कुणाला रडू. नवरा-बायकोत दिवसभरात जे बोलणं व्हायचं ते "पीठ संपलं" आणि "आणतो" एवढंच, तेही कुजबुजत. त्यांच्या स्वतःच्या मुलाची बारावी होऊन दहा-अकरा वर्षं झाली होती आणि तो पुण्यात नोकरीला होता, पण त्या घरातली बारावी काही केल्या संपत नव्हती.

अशा घरातून एक दिवस अप्पा माझ्याकडे आले. डोळे लकाकत होते.

"सर, एक जुनं पिकअप घ्यायचं. मागं झोपायची सोय करायची. आन् रस्ता सोडून आडवाटंनं रानात घुसायचं. तिथंच चूल, तिथंच झोप. पयल्यांदा किनवटच्या जंगलात."

"तुम्ही एकटे?"

"बगू की," म्हणाले आणि खिशातून कागद काढला. त्यावर गाडीचा नकाशा होता. वरून, बाजूनं, मागून, तिन्ही अंगांनी काढलेला, मापांसकट. ओव्हरसियर निवृत्त होतो, पट्टी-पेन्सिल होत नाही.

गल्लीत चर्चा झाली. निवृत्त माणसानं देव-देव करावा, नाहीतर प्लॉटचे व्यवहार करावेत, हे काय भलतंच, असं सर्वांचं मत पडलं. मी मात्र हुरळलो. रोज तेच न्यूटनचे नियम शिकवून माझ्या जिवाला गंज चढला होता. दर रविवारी दुपारी आम्ही गाड्या बघत हिंडू लागलो. उदगीरला बघितली, अहमदपूरला बघितली. विष्णुपुरीला धरणाच्या अलीकडे एका ठेकेदाराकडे तर इतकी सुरेख गाडी होती की मीच हट्ट धरला. अप्पा झोपले, थोपटलं, उठले.

"एक वीत कमी पडतंय," म्हणाले.

"कशाला कमी पडतंय?"

"कमी पडतंय," म्हणाले आणि चपला घालून चालू लागले.

शेवटी गाडी मिळाली ती माझ्याच लोह्यात, एका भाजीवाल्याकडे. कधीकाळी निळी असावी. आरसा एकच, हॉर्न नाही, दार दोरीनं बांधलेलं. मला माझ्या गावाची लाज वाटली. अप्पा हौद्यात चढले, डाव्या कडेला झोपले, थोपटलं आणि उठेचनात. मी वाकून बघितलं तर त्यांचे डोळे उघडे होते आणि ते आभाळाकडे बघत होते.

"हीच," म्हणाले.

गाडी अजून सुरू करूनसुद्धा बघितली नव्हती. ती ढकलूनच सुरू व्हायची, हे नंतर कळलं. माझ्या चुलतभावांनी आणि निम्म्या आळीनं ढकलली. मग लातूरपर्यंत जो प्रवास झाला तो मी जन्मात विसरणार नाही. रस्त्याच्या कडेला बैलगाडीची वाट दिसली रे दिसली की अप्पा स्टिअरिंग फिरवायचे, गाडी धडधडत शेतात घुसायची, माझं डोकं टपाला लागायचं आणि अप्पा खदखदून हसायचे. एवढं मोठ्यानं हसताना मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो. गल्लीत हसायची सोयच नव्हती.

घरासमोर गाडी लागली तशा काकू पिठाच्या हातानं बाहेर आल्या. एक चक्कर मारून गाडी बघितली.

"डबे चांगले बसतेल की ह्यात. दुसऱ्या गल्लीतल्या पोरी बी डबा मागून राहिल्यात."

अप्पांचा चेहरा उतरला. "डब्यासाठी न्हाई आणली. झोपायला हाय. रानात जायचं. तू बी यायचं."

"मी? आन् पोरींचं कोन बगंल? बारावीचं वरीस हाय त्यांचं."

"बारावी दरसालच असती."

"मग डबा बी दरसालच असतोय," म्हणाल्या आणि आत गेल्या.

अप्पांनी एवढ्यावर हार मानली नाही. दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. पण आवाजाचं काय करायचं? यावर अप्पांनी तोडगा काढला. माझ्याकडून क्लासचं वेळापत्रक लिहून घेतलं आणि त्याला कामं जोडली. मुली जीवशास्त्राच्या तासाला गेल्या की ड्रिल. रसायनाला गेल्या की ग्राइंडर. माझा तास सगळ्यात लांबायचा, म्हणून त्याला वेल्डिंग. एकदा मी आजारी पडून तास रद्द केला, तर अप्पा तोंडावर काच तशीच ठेवून माझ्या दारात आले आणि म्हणाले, "सर, अर्धं लोखंडी चॅनेल लोंबकळून राहिलं ना माझं." मी उठलो आणि तास घेतला.

गाडी हळूहळू नटू लागली. मागं जाड नक्षीचे टायर आले. टपावर पाण्याची टाकी आली. फाळक्यातून उघडणारा ओटा झाला, त्यावर स्टोव्ह. हौद्यात दोन फळ्या टाकल्या, जोडून, वर गादी. फाळक्याखाली लोखंडी पायऱ्या लावल्या, तीन, अगदी बुटक्या, बाजूला कठडा. "दोन पायऱ्यांत भागतं," मी म्हटलं. "तीनच पायजेत," अप्पा म्हणाले आणि विषय संपला.

इथवर सगळं ठीक होतं. पण मग अप्पांच्या अंगातला भूकंपानंतरचा ओव्हरसियर जागा झाला. हौद्याच्या चारी कोपऱ्यांत त्यांनी उभ्या सळया घातल्या, इमारतीला घालतात त्या. खालून एक लोखंडी पट्टी फिरवली, मधून एक, वरून एक. पट्ट्यांना कोपऱ्यात तिरपे आधार दिले. त्या काळात लातूरच्या कुठल्याही माणसाला घराच्या कोपऱ्यात सळई नाही म्हटलं की झोप येत नसे, हे खरं. पण ती गाडी होती. मी वजनाचा मुद्दा काढला, तेव्हा त्यांनी माझ्यापुढेच कागद टाकला.

"तुमी मास्तर हाव ना? करा हिशोब."

मी केला. गुरुत्वमध्य काढला, चढाचा कोन काढला, चाकांवरच्या कमानपाट्यांवरचा भार काढला. दोन पानं भरली आणि खाली रेघ मारून लिहून दिलं की हरकत नाही. माझ्या त्या दोन पानांत काळी माती मात्र कुठंच नव्हती.

भाद्रपदातला एक रविवार. मुलींची दिवसभर परीक्षा होती, म्हणून आम्ही चाचणीला निघालो. औशाच्या रस्त्यानं थोडं पुढे जाऊन अप्पांनी एक आडवाट पकडली. आदल्या दिवशी पाऊस पडून गेला होता. पन्नास पावलं गाडी झोकात गेली, मग सावकाश गेली आणि मग जायची थांबून खाली बसली. चाकं फिरत होती आणि आम्ही जमिनीत चाललो होतो. मी गेली सात वर्षं घर्षण शिकवत होतो.

बांधावर उभा असलेला एक शेतकरी हे सगळं शांतपणे बघत होता. जवळ आला, एक सळई हलवून बघितली, पट्ट्या मोजल्या.

"ही गाडी हाय का समाजमंदिर?" त्यानं विचारलं. आणि उत्तराची वाट न बघता ट्रॅक्टर आणायला गेला.

आम्ही बाभळीखाली बसून राहिलो. बुटांना चिखल, कपड्यांना चिखल. माझ्यातला मास्तर अजून शमला नव्हता. मी म्हणालो, "अप्पा, वजन उतरवावंच लागेल. सळया काढा, टाकी लहान करा. आणि त्या दोनातली एक फळी काढून टाका. काकू काही यायच्या नाहीत. एकट्या माणसाला एक फळी पुष्कळ झाली."

अप्पा माझ्यावर कधी चिडले नव्हते. त्या दिवशी चिडले.

"इंजिन काढून ठिवीन सर, पण फळी काढणार न्हाई."

मग ढेकळाचा चुरा करत राहिले. आणि मान वर न करता बोलू लागले.

"भूकंप झाला तवा आमी भाड्याच्या तीन खोल्यांत अकरा माणसं. भाऊ, भावजया, आई, बाप, लेकरं. बायका सैपाकघरात निजायच्या, आमी पुरुष माणसं ओसरीवर. लग्नाला बावीस वरसं झालती, पोरगं कालेजात जायचं, पण हिच्यासंगं निवांत बसून बोललो असं कवाच न्हाई. मग भूकंप झाला. घरात जायला कुनाची छाती न्हाई. सगळं लातूर रस्त्यावर, मैदानात. ही लई भ्यायली होती. हिच्या भावाचं एक पिकअप होतं, मोंढ्यात माल न्यायचं. आई म्हणली, हिला त्याच्यात निजवा आन् तू राखणीला ऱ्हा. तवा आमी दोघं त्या हौद्यात. दीड महिना."

मी काडीनं बुटाचा चिखल खरवडत होतो.

"ही बोलायला लागली, सर. आदी भ्याव वाटतंय म्हणून, मग सवयीनं. हिला लहानपनी झाडावर चढता यायचं, चिंचंच्या शेंड्यापोतर, हे मला बावीस वरसांनी कळलं. हिला कानडी गाणी येत्यात. मी घोरतो ते हिला आवडत न्हाई, पण घोरणं थांबलं की जाग येती म्हणली. दीड महिना, सर. मग लोक घरात गेले. आमी बी गेलो. भाऊ येगळे झाले, आपलं घर झालं, म्हणलं आता बोलू. तर घर भरून बारावी."

 मग एकदम हळू आवाजात म्हणाले, "तिकडं गावंच्या गावं गेली. आमचे सोयरे गेले. दिवसा मी तिथं ढिगारे उपसायला जायचो. आन् सांजच्याला माघारी येताना मला बरं वाटायचं. हे कुनाला सांगावं? सांगण्यासारखं हाय का हे? पण खरं सांगतो, मी जन्मात सुखी होतो ते तेवढे दिवस."

तेवढ्यात ट्रॅक्टर आला.  डाव्या कडेचं कोडं सुटलं होतं आणि विष्णुपुरीच्या गाडीत एक वीत कुणाला कमी पडत होती तेही कळलं होतं. मी उगाचच दोरखंड नीट बांधलाय का ते बघत राहिलो.

पुढच्या आठवड्यात अप्पांनी स्वतःच्या हातानं सळया कापल्या. पट्ट्या गेल्या, टाकीऐवजी दोन कॅन आले. गाडी हलकी झाली. पण काकूंचं काय? मी त्यांना आडून आडून विचारून बघितलं.

"मला काय हौस न्हाई व्हय?" त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या. "रविवारी सांजच्याला मेस बंद असती, निघंल एक येळ. पण सोमवारी सकाळी साडेसहाला पोरींना नाष्टा लागतोय. उपाशीपोटी धाडू का लेकरांना? येन माडूदू, सांगा."

लातुरातल्या कुठल्याही मेसला रविवारी संध्याकाळी सुट्टी असते. म्हणजे अडचण उरली ती फक्त सोमवारच्या नाष्ट्याची. मी रात्रभर विचार केला, असं काही नाही, मला ते तिथंच सुचलं. दुसऱ्या दिवशी मी क्लासच्या मालकांना सांगितलं की सोमवारी सकाळी सहाला विशेष सराव परीक्षा घ्यायची, त्यानंतर नाष्टा क्लासतर्फे आणि डब्याच्या वेळेपर्यंत मुलं क्लासमध्येच. मालक खूश झाले. पालकांना परीक्षेचं नाव काढलं की बरं वाटतं, हे त्यांना ठाऊक होतं.

रविवारी साडेचारच्या उन्हात गाडी गल्लीत उभी राहिली. काकू ठेवणीतलं इरकल नेसून आल्या खऱ्या, पण दारातच अडल्या. दूध झाकलं का, गॅस बंद केला का, माझ्यानं चढवंल का. मग त्यांना पायऱ्या दिसल्या. एक, दोन, तीन. कठडा धरून त्या वर गेल्या आणि हौद्यात उभ्या राहिल्या. कंबरेवर हात ठेवून चौफेर बघितलं. मग खाली बसल्या, उजवा पंजा पसरला आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत विती मोजत गेल्या. मोजून झाल्यावर हात तिथंच राहिला.

"अवो," त्या म्हणाल्या, "भावाच्या गाडीत बी एवढीच जागा होती की."

अप्पा वाकून टायर बघत होते. त्या टायरमध्ये बघण्यासारखं काही नव्हतं.

"इंजिन बगून घेतलंय का पर?" काकूंनी विचारलं.

"बिनघोर हाय," अप्पा खालूनच म्हणाले. 

किनवटचं जंगल राहून गेलं. सोमवारी डब्याच्या वेळेपर्यंत परत यायचं तर किनवट कसं गाठणार? शहराबाहेर एका ओळखीच्या माणसाच्या रानात, तळ्याच्या काठावर ते दोघं गेले, एवढंच मला कळलं. बाकीचं मी विचारलं नाही. सोमवारी काकू क्लासच्या दारात आल्या. मी पेपर गोळा करत होतो.

"सर, पुढल्या सोमवारी बी परीक्षा हाय का?"

"ठेवू का?"

"मला काय विचारता? लेकरांच्या भल्याचं बगा," म्हणाल्या. जाता जाता वळल्या. "नाष्टा चांगला द्या मातर."

तेव्हापासून आमच्या क्लासला दर सोमवारी सकाळी सहाची परीक्षा असते. त्या वर्षी निकाल चांगला लागला, तसं मालकांनी ते बोर्डावर मोठ्या अक्षरांत लिहून टाकलं. मग शेजारच्या क्लासनं सुरू केली, मग नांदेडच्या दोघा-तिघांनी. परवा सोमवारी लोह्याचे एक पालक मुलाला घेऊन माझ्या घरी आले होते. त्यांनी विचारलं, "सर, सोमवारीच का? ह्यामागं काय शास्त्र हाय?"

"सोमवारी सकाळी मेंदू ताजा असतो," मी सांगितलं. त्यांनी मुलाला ते वहीत लिहून घ्यायला लावलं.

त्याच वेळी खिडकीतून मला ती निळी गाडी गल्लीत वळताना दिसली, चिखलानं माखलेली. अप्पा उतरून मागे गेले, फाळका उघडला आणि हात पुढे केला. कठडा होता, तरी काकूंनी तो धरला नाही. अप्पांचा हात धरून त्या तिन्ही पायऱ्या उतरल्या, आणि काहीतरी बोलत होत्या, चांगल्या मोठ्या आवाजात.